हरले म्हणणारी बाई

"भावजी, धावा हो... हे उठत नाहीत!" वहिनींची हाक गल्लीभर ऐकू आली. मी शेजारच्याच घरातला; पोचलो तेव्हा माधवराव खुर्चीतच होते, मान कलती, हात गार. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माधवराव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. घरात मराठी, वर्गात तमिळ-इंग्रजी आणि भांडायला तिन्ही! भांडणाचा विषय मात्र एकच : पृथ्वीवर पहिला जीव आला कसा? "पाणी, ऊन आणि भरपूर वेळ. झालं! कुणी घडवलं नाही, घडलं," ते म्हणत. वहिनी डिकॉशन गाळता गाळता फटकारत, "साधी काफी आपोआप होत नाही ओ, आणि जीव होतो?" आम्ही हसायचो. पण वादाचं मूळ मला ठाऊक होतं.

त्यांचं एकुलतं बाळ हृदयात छिद्र घेऊन जन्मलं आणि बारशाआधीच गेलं. "घडवणारा असेल तर ते छिद्रही त्यानंच पाडलं. त्यापेक्षा योगायोग बरा, त्याच्यावर राग धरावा लागत नाही," माधवराव मला एकदाच म्हणाले होते. वहिनींचं उलट. घडवणारा आहे, म्हणून बाळ त्याच्यापाशी सुखरूप आहे, एवढ्यावर ती माउली जगत होती. दोघं जन्मभर भांडले, पण बाळाचा विषय कधी काढला नाही.

दहाव्याला कावेरीकाठी पिंड ठेवला. कावळे नारळाच्या झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. त्यांचा पुतण्या म्हणाला, काकूला सांभाळतो. मी म्हणालो, पुस्तकं कॉलेजला देतो. छे! ऊन तापलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेव्हा वहिनी उठल्या, हात जोडून म्हणाल्या, "बरं, तुमचंच खरं. कुणी घडवलं नाही. मी हरले. जावा आता."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"पाहा, ऐकलं त्यांनी!" लोक म्हणाले. मला मात्र संताप आला, कुणाचा ते आजही सांगता येत नाही. भुकेला पक्षी, योगायोग... माधवराव हेच म्हणाले असते.

महिना झाला. वहिनींनी दिलेला शब्द पाळलाय. देवघराला कडी घातली आहे. काल मी गेलो, तर त्या कडीखालीच भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"हे तर सुटले, भावजी," त्या म्हणाल्या. "पण आता माझं बाळ कुणापाशी आहे हो?"