दिवेलागणीची सुई

आमच्या घरात दिवेलागणीला दोन कामं व्हायची. सासूबाई देवापुढं दिवा लावायच्या आणि मी पोटात सुई टोचून घ्यायची. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. सुईच्या वेळेला त्यांचा दिवाच घड्याळ होता.

आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्या रक्तात गुठळ्या होतात, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन रोज घ्यायचं. मी मान डोलावली. आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. लोक म्हणतात, मन दगड होतं. माझं तसंही नव्हतं. दगड निदान सोलापूरच्या उन्हात तापतो तरी.

नर्सबाईंनी शिकवलं. बेंबीपासून चार बोटं लांब, कातडीची चिमूट धरायची, सुई सरळ आत घालायची, आतला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. आज डावीकडं, उद्या उजवीकडं. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही, कुठून रक्त आलं तर लगेच यायचं. नंतर चोळायचं नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. कळा सुरू झाल्या तर मात्र सुई न घेता सरळ दवाखाना गाठायचा.

नवरा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला. हजारो धाग्यांवर नजर ठेवणारा माणूस, पण सुई दिसली की भिंतीकडं तोंड. मग आत्याच मोहोळहून येऊन राहिल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुईच्या जागी मायेनं कोमट तेल चोळलं. सकाळी तिथं भाकरीएवढा निळा डाग. त्या दिवसापासून मी सुई काढली की त्या आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून बसायच्या. हातांचा भरवसा नव्हता त्यांना.

वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात जायच्या. पोट निळं-पिवळं झालं होतं. दुखतं का, असं सगळे विचारायचे. दुखत नव्हतं. शेजारच्या बायका डोहाळे विचारायच्या, मी काहीतरी सांगायची. झबली शिवली नाहीत, नावं शोधली नाहीत. बाळ लाथ मारायचं तेव्हा वाटायचं, शेजारच्या घरात कुणीतरी दार वाजवतंय.

नववा लागल्यावर एक दिवस ऊन उतरताना कळा सुरू झाल्या. नवरा रिक्षा आणायला धावला. रिक्षा येईपर्यंत दिवेलागण झाली, आत्यांनी दिवा लावला आणि सुईचं पाकीट घेऊन समोर उभ्या राहिल्या. त्यांच्या लेखी ते व्रतच होतं. इतके महिने खंड पडला नव्हता, आणि नेमका आजच कसा पाडायचा?

"आज चुकवू नगं," त्या म्हणाल्या. "लेकराची सुई हाय ती."

"आत्या, आज नाही घ्यायची. कळा आल्यावर नाही घ्यायची, सांगितलंय त्यांनी."

त्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मला आधीची दोन्ही बाळं दिसली. वाद घालायचं बळ नव्हतं, घेऊन टाकावी असंही वाटलं. पण कळ आली आणि मी त्यांचा हात धरून ते पाकीट खाली ठेवायला लावलं.

दवाखान्यात पहिला प्रश्न तोच, शेवटची सुई कधी घेतली? माझ्याआधी आत्या बोलल्या, "काल, दिवा लावला तवा." डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. बाळाचे ठोके कमी होत होते, ऑपरेशन करावं लागणार होतं. आज सुई घेतली असती तर पाठीत भूल देता आली नसती, रक्तही आवरलं नसतं, असं त्या म्हणाल्या. आत्या तिथंच फरशीवर बसल्या.

पाठीत भूल दिली. कमरेखालचं अंग गेलं. चिमटा काढून विचारलं, कळतंय का? मी नाही म्हणाले. मुलगी रडली, मला दाखवली. तेव्हाही मला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच तेवढी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई सुई घेऊन आल्या. बाळंतपणानंतरही काही आठवडे घ्यावी लागते. त्यांनी पोटाची चिमूट धरली, सुई आत गेली आणि मी कळवळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दुखलं. मग रडू आलं ते थांबेना; दोन बाळांचं राहिलेलंही त्यातच आलं. शेजारी मुलगीही रडायला लागली.

आत्यांनी सवयीनं हात पदरात गुंडाळले होते. ते सोडवून त्यांनी नातीला उचललं.