डब्यात भरून दिलेली काडतुसं

आमच्या ह्यांनी बंदूक विकायची ठरवली, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. तीसेक वर्षं ती दुनळी नोव्हाय गावातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये कुलपात होती. कारच्या कंपनीत नोकरी करताना ऑफिसातल्या मित्रांबरोबर हे बदकं मारायला जायचे. मारलेलं घरी आणायचं नाही, ही माझी अट. गेल्या वर्षी हाताला कंपवात सुरू झाला. चहाचा कप बशीत वाजायला लागला, तसं एक दिवस स्वतःच म्हणाले, "आता ही घरात नको."

घेणारी मुलगी ओळखीतलीच, इथेच जन्मलेली. मराठी मंडळाच्या गणपतीत परकर-पोलकं घालून धावायची, ती आता जनावरांची डॉक्टर आहे, कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं करते. शिकारीचं हे वेड तिला कुठून लागलं देव जाणे! तिच्या आईनं मला फोन करून विचारलं होतं, "अगं, तू तरी समजाव." मी काय समजावणार, माझ्याच घरात तीस वर्षं तेच.

शनिवारी दुपारी ती आली. पोलीस स्टेशनातून आणलेल्या लायसन्सच्या कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या. ह्यांनी बंदूक उघडून, मिटून, तिला सगळं दाखवलं. मग मला म्हणाले, "खालची काडतुसं पण देऊन टाक तिला, मला काय करायचीत," आणि वर जाऊन पडले. बंदूक दाराबाहेर जाताना त्यांना बघायची नव्हती. मी समजले.

नाहीतरी नुसती बंदूक मी देणारच नव्हते. माझ्या आईनं शिवणयंत्र विकलं तेव्हा सुया, रिळं, तेलाची कुपी, सगळं बरोबर दिलं होतं. शिवाय ही माहेरवाशिणीसारखी आलेली पोर. मी खाली गेले, कपाट उघडलं. काडतुसांची खोकी ओल लागून फुगलेली, कोपरे फाटलेले, वर बुरशीचा वास. शी! असल्या खोक्यांतून कोणाला काही देतात का? वाण्याकडची पुडी घरी आली की फोडून डब्यात भरायची, हे माझ्या हाताला इतकं सवयीचं आहे की डोक्याला विचारावं लागत नाही. फराळाचा स्टीलचा डबा घेतला, पुसला, खालच्या-वरच्या दोन्ही खणांतली सगळी काडतुसं त्यात ओतली. बरीच लाल, थोडी पिवळी. खोकी रिसायकलिंगला टाकली. डबा दिसत कसा होता म्हणून सांगू! मी स्वतःवर खूश.

"काकू, यू आर टू मच," ती हसून म्हणाली. "उद्या सकाळी शूटिंग रेंजवर जाऊन ट्राय करते." वर चिवड्याची पिशवीही दिली मी.

रविवारी सकाळी चहा घेताना ह्यांनी विचारलं, "किती खोकी निघाली गं?"

"खोकी कसली? सगळी कुजली होती. छान डब्यात भरून दिली."

"सगळी? पिवळी पण?"

"मग? पिवळी काय लोणचं घालायला ठेवायची होती?"

ते हसले नाहीत. कप खाली ठेवायला गेले तो टेबलावर लवंडला. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ती दुनळी बारा बोरची, म्हणजे मोठ्या नळीची, लाल काडतुसं तिची. पिवळी वीस बोरची, म्हणजे बारीक; बोरचा आकडा वाढतो तशी नळी बारीक. कधीकाळी मलाही बरोबर न्यायच्या हौसेनं त्यांनी एक हलकी बंदूक घेतली होती. मी एकदाच गेले, चिखलात पाय भिजवून आले, आणि ती बंदूक विकून टाकली. तिची काडतुसं तेवढी राहिली, वेगळ्या खणात, वेगळ्या खोक्यात. बारीक काडतूस मोठ्या नळीत घातलं तर पुढे सरकून आत अडकतं. वरवर बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते. मग माणूस मागून लाल घालतो आणि चाप ओढतो.

"मग?" मी विचारलं.

"मग नळी फुटते. हातातच."

मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पाच-सहा वेळा लावला. गाडी मीच काढली, ह्यांना आता चालवता येत नाही. रेंज अर्ध्या तासावर. वाटेत ह्यांनी रेंजच्या ऑफिसला फोन केला, तो नुसता वाजत राहिला. मी मेली हुशार, मेली टापटिपीची, असं मोठमोठ्यानं बोलत गाडी हाकत होते. हे म्हणाले, "चूक माझी, मी खाली यायला हवं होतं." मी म्हटलं, "आता वाटणी नका करू, रस्ता सांगा."

पोचलो तेव्हा आतून धाड-धाड आवाज येत होते. ती कठड्यापाशी उभी होती, बंदूक उघडी करून हातावर टाकलेली, दुसऱ्या हातात दोन लाल काडतुसं. पुढची पाळी तिचीच. मी जी ओरडले, ती मराठीत की इंग्रजीत ते मला आठवत नाही. सगळी रेंज थांबली.

ह्यांनी बंदूक घेतली, उघडी तशीच आभाळाकडे धरली आणि मागून पाहिलं. मलाही दाखवलं. एका नळीतून उजेडाचा गोल चकचकीत दिसत होता. दुसरी काळी.

"एक पिवळं घातलं होतं," ती म्हणाली, "पण ते फायर नाही झालं. उघडलं तर नथिंग देअर. मला वाटलं, घालायलाच विसरले." रेंजवरच्या माणसानं पुढून लाकडी काठी घालून ढकललं, तसं मागून पिवळं काडतूस ह्यांच्या तळहातावर पडलं.

मी तिला सगळं सांगितलं, खोकी मी फेकली, दोन्ही मीच एकत्र केली. हे तिला जरा चिडूनच म्हणाले, "अगं, काडतुसावर नंबर असतो. वाचायचा नाही का?"

"वाचते ना, काका. ऑलवेज वाचते," ती म्हणाली. "पण काकूंनी डब्यात दिलं होतं."

मग मात्र माझा बांध फुटला. मी तिचे दोन्ही हात धरले. दहाही बोटं होती, तरी मी ती एकेक करून चाचपत राहिले. ती म्हणत होती, "काकू, आय ॲम फाइन. रिअली, आय ॲम फाइन."

"तू आहेस गं," मी म्हटलं. "मी नाहीये."