आकार बंद केला तेव्हा

भुतंखेतं, भास, दृष्टांत... माझा कशावरच विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

विद्यापीठाचं नामांतर झालं ते दिवस. शहागंजात एका जिन्याखाली माझं डीटीपीचं दुकान होतं. गल्लीतला पहिला कॉम्प्युटर माझा, आणि त्याचा मला भलताच माज! वाळूजला धडाधड कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यांचे लोगो माझ्याकडं यायचे. चित्र स्कॅन करायचं, पेन टूलनं कडेकडेनं बिंदू टाकत जायचं, वळण आलं की रेघ वाकवायची. शेवटचा बिंदू पहिल्याला जोडला की आकार बंद होतो, अन् मगच त्यात रंग भरतो.

त्या दुपारी पडेगावच्या शोभाताई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. मिलिंद नामांतराच्या लढ्यात हर्सूलच्या जेलात राहून आलेला, म्हणून वस्तीच्या बॅनरवर त्याचा चेहरा छापायचा होता. कापडावर फोटो नीट उमटत नाही, नुसता काळा आकार लागतो.

"भाऊ, नाक लई मोठं काढू नका. घरी मलाच ऐकावं लागंल."

"आहे तेवढंच काढतो, ताई. बारीक करायचं असेल तर जादा पैसे पडतील."

त्या खळखळून हसल्या. मिलिंद वाळूजला एका कंपनीत होता. साडेतीनला पाळी सुटली की तो परस्पर दुकानात येणार होता. साडेचार होऊन गेले तरी पत्ता नाही.

"बसले असतील च्या पीत, भाषण ठोकत," ताई म्हणाल्या.

मी कपाळापासून सुरुवात केली. कान, जबडा, हनुवटी, दुसरा कान... शेवटचा बिंदू जोडला. आकार बंद होऊन त्यात आपोआप काळा रंग भरला — आणि माझा श्वास अडकला. खरंच अडकला हो! दुकान दिसेना. चहूबाजूंनी गोल, गरम पत्रा. हात पसरायला गेलो तर पसरेनात. ओरडलो तर आवाज माझ्याच कानात घुमला. आता मेलो, एवढंच कळत होतं. बोटं तेवढी कीबोर्डवर होती, त्यांनी अनडू दाबून शेवटचा बिंदू मागं घेतला. आकार उघडला आणि हवा आली.

"काय झालं भाऊ? घाम बघा किती सुटलाय!"

"काही नाही, सकाळपासून उपाशी आहे."

लाज वाटली, म्हणून हट्टानं आकार पुन्हा बंद केला. पुन्हा तेच! या वेळी मुठी पत्र्यावर आपटत होत्या, आणि त्या माझ्या होत्या की दुसऱ्या कुणाच्या, ते कळेना. कसंबसं अनडू केलं आणि तोंडातून निघून गेलं, "टाकी... टाकीत कोंडलंय!"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "ह्यांची आज टाकी धुवायची पाळी व्हती."

मी कंपनीत फोन लावला. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मिलिंदचं हजेरीचं कार्ड साडेतीनलाच पंच झालंय. घरी गेला तो." माझा जीव भांड्यात पडला. ताईंनी मात्र रिसीव्हर हिसकावून घेतला.

"कार्ड बाहेर आलं असंल, माणूस नाय आला! तुमची लोकं एकमेकांची कार्डं मारत्यात, मला म्हाईत नाय व्हय? आधी टाकी उघडा. मी फोन ठेवत नाय!"

दहा मिनिटं त्या रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या. मी माउसला शिवलोसुद्धा नाही. मग वॉचमन धापा टाकत फोनवर आला... सापडला. बेशुद्ध, पण जिवंत.

टाकी धुऊन झाली की मिलिंदला कार्डाच्या रांगेत न थांबता निघता यावं, म्हणून दोस्तानं साडेतीनलाच त्याचं कार्ड मारून ठेवलं होतं. कार्डावर सगळे बाहेर, म्हणून दुसऱ्या पाळीनं टाकीचं झाकण लावलं, बोल्ट आवळले. मशीनच्या आवाजात त्याच्या मुठी कुणाला ऐकू जाणार?

आठवड्यानं तो स्वतः दुकानात आला. हाताच्या बोटांना पट्ट्या. स्टुलावर टेकला आणि म्हणाला, "भाऊ, आत जीव जायला लागला तवा दोनदा गार हवा आली. झाकण उघडल्यावानी. तिच्यावरच तगलो मी. कंपनीवाले म्हणतात, झाकण एकदाच उघडलं, मला काढलं तवा. तुमाला काय वाटतं?"

"भास असेल," मी म्हणालो, आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.

इतकी वर्षं झाली, मला याचा उलगडा झालेला नाही. ताई आजही भेटल्या की म्हणतात, "भाऊ, तुमच्यामुळं कुंकू राहिलं." मी मान खाली घालतो. दोनदा हवा मी दिली असेल, तर त्याआधी दोनदा त्याला कोंडलं कुणी?