तीन वाजण्यापूर्वी

गेल्या शनिवारी दुपारी दोन चाळीसला समोरच्या फ्लॅटमधल्या न्यायाधीशांनी आमची बेल वाजवली. हातात दोन फाइली होत्या. मुलीकडचा स्कॅनर बिघडला होता.

ते मूळचे सांगलीचे, पॅसिफिकमधल्या एका बेटांच्या राज्यात न्यायाधीश. सुट्टीत इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्सला मुलीकडे येतात. बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, समोर कोणी लिहून घेत असल्यासारखे.

"तिथे रविवारी केलेली सही रद्द ठरते," ते म्हणाले. "इथे तीन वाजले की तिथे रविवार लागतो. माझ्या नेमणुकीची मुदत रविवारी संपते."

एका फाइलीत सरकारच्या विरोधातला निकाल होता. दुसरीत त्याच सरकारने पाठवलेला मुदतवाढीचा करार.

"साहेब, आधी करारावर सही करा ना," बायको म्हणाली. "निकाल काय पळून जातोय? या वयात दुसरी नोकरी कोण देणार?"

"वहिनी, निकाल खिशात ठेवून नोकरी पदरात पाडून घेतली, असं दिसेल."

त्यांनी निकालाच्या एकवीस पानांवर सह्या केल्या. स्कॅनर दर पानाला अडखळत होता. दोन सत्तावन्नला निकाल ईमेलने गेला.

"यल्ला साहेब, चला लवकर, तीन मिनिटं आहेत," मी करार पुढे केला.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आधी त्यांना निकाल वाचू दे. मग मी हवा असेन, तर नवा करार पाठवतील."

तीन वाजले. त्यांनी चहा घेतला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

आज गुरुवार. नवा करार आलेला नाही.