रबर की स्प्रिंग?

जुनी छोटी गाडी पाळली, की किस्से आपोआप जमतात. ते ठेवायला आणखी एक गॅरेज लागेल, एवढे! आम्ही गडचिरोलीचे तिघं. माझ्या गाडीला स्प्रिंगा. रिटायर्ड मास्तर वसंतभाऊंच्या विलायती गाडीला स्प्रिंगच नाही, चाकावर रबराचे गोळे. आणि दोघांचेही उद्योग निस्तरणारा मधू मिस्त्री.

*

रबर चांगलं की स्प्रिंग, हा वाद दर रविवारी ठरलेला. शेवटी मिस्त्रीनं दोन्ही गाड्यांत ताकाचा एकेक ग्लास ठेवला आणि एकाच खड्ड्यातून नेल्या. भाऊंचं ताक एका धक्क्यात छताला. माझी गाडी घरापर्यंत डुलत राहिली, ताक सांडत राहिलं.

"दोघायचंही सांडलं," मिस्त्रीनं निकाल दिला. "पुढच्या वेळी पिऊन निघा."

*

भाऊंचं रबर म्हातारं होऊन दबलं, गाडी मागून बसली. जंगल नाक्यावर गार्डनं अडवली. म्हणे, मागं सागवान आहे! डिक्की उघडली, तर एक छत्री.

"मंग गाडी दबली काऊन?"

"वयानं," भाऊ म्हणाले.

*

नवं रबर कुठून आणायचं? मिस्त्रीनं राइस मिलचा झिजलेला रबरी रोल मागून आणला आणि त्यातून गोळे कापले. गाडी अशी ताठ झाली, की आम्ही तिघं आणि आणखी दोघं बसलो तरी इंचभर दबेना.

त्याच नाक्यावर तोच गार्ड. लांबूनच ओरडला, "आज रिकामीच चालली का, गुरुजी?"

*

हसतो आम्ही, पण भाऊंचा जीव अडकला होता एकाच गोष्टीत. शांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा तरी या गाडीतून माहेरी नागभीडला जावं. बाईंची कंबर धरलेली. त्या दुखण्यापायी रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही.

"त्या गाडीत? नाई बाप्पा! मले कंबर एकच आहे," म्हणायच्या आणि एसटी पकडायच्या. भाऊ गाडी घेऊन एसटीच्या मागं मागं! मला त्या माणसाची खरंच दया यायची.

*

अन् एक दिवस रबराच्या या कट्टर भक्तानं मिस्त्रीकडून रबर काढून स्प्रिंगा बसवून घेतल्या. मला एवढंच म्हणाले, "हसू नका." मी हसलो नाही.

बाईंना कसंबसं पटवलं. "दुखलं तं मी आरमोरीले उतरीन," या अटीवर त्या पुढं बसल्या. मी मागं. आरमोरीच्या आधीच बाईंना गाढ झोप लागली. भाऊंनी गाडी अलगद हाकली. म्हैस आडवी आली तरी हॉर्न नाही.

नागभीडला भाऊंचे मेहुणे, म्हणजे बाईंचे दादा, दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. भाऊंनी इंजिन चालूच ठेवलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"श्श! किती दिवसांनी झोपली."

मेहुणे हळूच म्हणाले, "चहा तरी..."

भाऊंनी मान हलवली आणि गाडी वळवली. मी मागून हात जोडले. दुसरं काय करणार!

गडचिरोलीत घरासमोर गाडी थांबली, तेव्हा बाईंनी डोळे चोळले.

"आलं का नागभीड?"

"येऊन गेलं," भाऊ म्हणाले. "तुझा दादा बरा आहे. तुले विचारून राह्यला होता."