डॉक्टरांना न सांगितलेला महिना

पंचाहत्तर सालच्या आसपास मालेगाव-वाशीम एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पांढरं पातळ आणि छातीशी उलटं टाचलेलं घड्याळ, म्हणजे नर्सच. शेंगा फोडून दाणे मला द्यायची, टरफलं आपल्या पिशवीत टाकायची.

माझ्या हातात थायरॉईडचा रिपोर्ट होता. गळा सुजल्यासारखा वाटायचा, छाती धडधडायची, म्हणून डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं होतं. आकडा छापलेल्या हद्दीच्या वर आला होता. तिने दिलेले दाणे माझ्या मुठीतच राहिले होते.

“बाळाला काही होईल का हो?” मी हळूच विचारलं.

तिने कागद वाचला आणि माझ्या मनगटाकडे बघितलं.

“बांगड्या कवा भरल्या?”

“लग्नात.”

“म्हनून रुतून राह्यल्या. हे छापलेलं माप बी तसंच हाये, पोटुशी नसलेल्या बाईचं. पोटुशीचा आकडा जरासा वर जातेच. किती चालते, ते डॉक्टर पाहीन. त्याले महिना सांगतला ना?”

मी मान खाली घातली. पाचवा लागेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, अशी सासूबाईंची ताकीद होती. मी ती डॉक्टरांसमोरही पाळली होती!

“अवं, डॉक्टरची बी नजर लागते काय?” ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

तिचं गाव आलं. खाली उतरून तिने खिडकीतून मोठ्याने बजावलं, “आधी महिना सांगजो पोरी, मंग कागद दाखवजो!”

अख्खी गाडी माझ्याकडे वळून बघायला लागली. आता फक्त डॉक्टरांना कळायचं राहिलं होतं.