गोदावरीबाईला कोणतं पुस्तक द्यावं

आंधळगावच्या उषाबाई सेलोकर चाळिशी उलटल्यावर वाचायला लागल्या. बांधावरून घसरून पाय मोडला, प्लास्टर चढलं आणि ऐन रोवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत खाटेवर पडून राहायची वेळ आली. नवरा लक्ष्मणराव वरठीच्या कारखान्यात कामाला. गावचं वाचनालय त्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरच होतं. एक दिवस त्यांनी मोटारसायकल उभी केली आणि तिथल्या कैलाशला म्हणाले, "घरची पडल्या पडल्या चिडचिड करून राहिली. काहीतरी दे तिले वाचाले."

कैलाशने एक जाड कादंबरी दिली. उषाबाई दहावी शिकलेल्या होत्या, पण लग्नानंतर हातात आली ती लेकरांची पाठ्यपुस्तकं आणि श्रावणातली पोथी, एवढंच. पहिली काही पानं त्यांनी जांभया देत वाचली. मग ती कादंबरी संपेपर्यंत त्यांची चिडचिड कोणाच्या कानावर आली नाही. लक्ष्मणराव दुसरी घेऊन आले, तिसरी घेऊन आले. पाय बरा झाल्यावर त्या स्वतःच वाचनालयात जाऊ लागल्या.

पुढच्या रोवणीत त्या धानाच्या बांधीत उतरल्या तेव्हा चिखलात रोपं, म्हणजे परे, लावता लावता कादंबरी सांगू लागल्या. सांगताना आपलं मतही द्यायच्या. "पहिली शंभर पानं नुसती झाडं-डोंगर आहेत, ते सोडून द्या. पण सासू आली की मजा येते." शेवट मात्र कधी सांगायच्या नाहीत. "शेवट वाचाले लागते," म्हणायच्या. त्यामुळे ज्यांना वाचता येत होतं त्या बाया वाचनालयात जायच्या आणि ज्यांना येत नव्हतं त्या सुनांकडून वाचून घ्यायच्या. माणूस पाहून पुस्तक सुचवायची उषाबाईंना सवयच लागली. कोणाचं सासरी पटत नसलं की एक, कोणाला हसायचं असलं की दुसरं. बहुतेक वेळा ते जमायचंही.

शेजारच्या गोदावरीबाई त्यांच्या बरोबरीच्या. त्यांचा मोठा मुलगा विनोद मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेरवी झाली, पाहुणे पांगले. गोदावरीबाई कोणाशी धड बोलेनात. उषाबाईंना वाटलं, आपल्याजवळ देण्यासारखं एक आहे. एका आईचा मुलगा जातो आणि ती हळूहळू सावरते, अशी एक कादंबरी त्यांनी वाचली होती. वाचताना त्या पदर तोंडाला लावून रडल्या होत्या. त्यांनी ते पुस्तक गोदावरीबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाच. बरं वाटेल."

आठवड्याभराने गोदावरीबाई आल्या. पुस्तक त्यांनी घराच्या पुढच्या सपरीतल्या खाटेवर ठेवलं आणि उभ्यानेच बोलल्या.

"उषा, माझा विनोद गेला ते तुले गोष्टीसारखं वाटलं काय?"

"नाही वो. मले वाटलं, तुझ्यासारखीच एक बाई..."

"यातलं पोरगं कोणीतरी खुर्चीत बसून मारलं. त्याच्या मनात असतं तर त्याले जगवताही आलं असतं. माझ्या वेळी कोणाच्या हातात काही होतं काय?"

त्या निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी उषाबाईंशी बोलणंच सोडलं.

उषाबाईंनी ते पुस्तक पुन्हा उघडलं. जिथे त्या रडल्या होत्या ती पानं वाचली. आपण रडलो तेव्हा आपली दोन्ही लेकरं घरात धडधाकट होती, हे त्यांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. वाचणं त्यांनी सोडलं नाही, पण सुचवणं सोडलं. रोवणीत सोबतच्या चंद्रभागाबाईंनी विचारलं, "यंदा काय वाचून राहिली वो?" त्या म्हणाल्या, "काही नाही, असंच." चंद्रभागाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. बाया आपापल्या रांगेने मागे मागे सरकत राहिल्या.

मळणी आटोपून धान घरात आलं तेव्हा एका दुपारी गोदावरीबाई दारात उभ्या दिसल्या.

"एखादं पुस्तक आहे काय? घरात बसवत नाही. पण कोणी मनानं रचलेलं नको. झालेलं दे."

उषाबाईंजवळ तसलं काहीच नव्हतं. इतिहासाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. राजे, लढाया आणि सनावळ्या, त्यात माणसं कुठे असतात, असं त्या म्हणायच्या. तरी त्या कैलाशकडे गेल्या. त्याने मागच्या फळीवरून जुन्या काळच्या दुष्काळावरचं एक पुस्तक काढून दिलं. सरकारी कागद आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी गोळा करून कोण्या अभ्यासकाने लिहिलेलं.

या वेळी त्यांनी पुस्तक आधी स्वतः वाचलं. सुरुवात कोरडी वाटली. मग त्यात आटलेले तलाव आले, बियाण्याचं धान शिजवून खाणारी घरं आली, दुष्काळी कामावर गेलेल्या आणि परत न आलेल्या बाया आल्या. कुणालाही सावरणारं असं त्यात काही नव्हतं. वाचून झालं तरी द्यावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी पुस्तक घेऊन त्या गोदावरीबाईंकडे गेल्या.

"मी वाचलं. मले जड गेलं. यात लेकरं मरतात, आणि समजूत घालाले कोणी येत नाही. मागच्या वेळी मी तुले न विचारता दिलं. आता तूच ठरव."

"ठेव तिथं," गोदावरीबाई म्हणाल्या.

उन्हाळा सरत आला तेव्हा पुस्तक परत आलं. या वेळी गोदावरीबाई बसल्या. चहा घेतला.

"तुझ्या कादंबरीतली बाई शेवटी हासते," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्याले तिले हासवाचं होतं. यात कोणी हासत नाही. पाणी आलं की नुसते पेराले जातात. मले हे खरं वाटलं. विनोद गेल्यावर मीही तशीच गेली होती बांधीत."

"पण त्यायच्या मनात काय चालू होतं ते यात कुठं आहे?" उषाबाईंना राहवलं नाही. "चौकशीले आलेल्या साहेबानं विचारलं तेवढंच त्यायनं सांगितलं. आतलं कोण सांगन?"

"आतलं त्यायचं त्यायले ठाऊक. सांगाचीच काय गरज आहे?"

यावर दोघींचं एकमत झालं नाही. अजूनही झालेलं नाही. आता त्या वाचनालयात सोबत जातात. गोदावरीबाई कैलाशला इतिहासाची पुस्तकं मागवायला सांगतात आणि वाचून झाल्यावर तक्रारही करतात, की यात गावांची नावं आहेत, बायांची नाहीत. उषाबाई अशी पुस्तकं आता वाचतात, पण कादंबरीइतकी त्यांची तहान त्यातून भागत नाही. कोणाला पुस्तक सुचवायचं झालं तर त्या आधी विचारतात, "कसं पाहिजे तुले?" आणि उत्तराची वाट पाहतात.

यंदाच्या रोवणीत चंद्रभागाबाईंनी गोष्टीचा हट्ट धरला. उषाबाईंनी गोदावरीबाईंकडे पाहिलं. गोदावरीबाई वाकून परे लावत होत्या.

"झालेलं आहे काय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही. रचलेलं आहे."

"बरं, सांग," गोदावरीबाई म्हणाल्या. "ऐकून राहिली मी."